आजार दिसायच्या आधीचं वय

हत्तीपायाचा जंतू दिवसा हाती लागत नाही. दिवसभर तो फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतो आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, अंगभर फिरणाऱ्या रक्तात उतरतो. म्हणून आम्हा आरोग्य सेवकांची रक्त तपासणीही रात्रीची. साडेआठ-नऊला निघायचं, बारापर्यंत दारोदार फिरायचं, जेवून आडव्या झालेल्या माणसाला उठवायचं, बोटाला सुई टोचायची आणि थेंब काचपट्टीवर घ्यायचा. कुत्री अर्ध्या गावापर्यंत सोबत करायची. एखादी म्हातारी खाटेवरूनच विचारायची, "एवढ्या राती रगत नेऊन का करता जी?" दिवसा आलो असतो तर चहा मिळाला असता, रात्री संशय मिळायचा.

आमचं करडी भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. मधे वैनगंगा, तालुक्याचं गाव नदीपलीकडे, आम्ही अलीकडे. पालोरा, मुंढरी, जांभोरा ही शेजारची गावं. सगळीकडे धानाच्या बांध्या, जागोजागी बोड्या म्हणजे लहान तळी, आणि तलाव. पावसाळ्यात निम्मा गाव गुडघाभर चिखलात रोवणीला वाकलेला असतो. या भागात नोकरी केली, आता सेवानिवृत्त आहे. बायको अजून आशा म्हणून काम करते, त्यामुळे घरातून रजिस्टरं काही गेली नाहीत. मासिकांत "कोणत्या वयात काय काळजी घ्यावी" असे लेख येतात, तेव्हा ती वाचून दाखवते आणि आम्ही दोघं वाद घालतो. त्यांत विशीसाठी एक यादी असते, चाळिशीसाठी दुसरी, साठीसाठी तिसरी. यादी चुकीची नसते. पण नोकरीभर मी जे पाहिलं ते वेगळं आहे. आजार ज्या वयात दिसतो, त्या वयात तो बहुतेक वेळा लागलेला नसतो. तो एखाददुसरं वय आधीच घरात शिरलेला असतो.

हत्तीपाय याचा सगळ्यात उघड पुरावा. सुजलेला पाय दिसतो तिशी-चाळिशीतल्या माणसाचा. जंतू मात्र अनेकदा शाळेच्या वयात शिरलेला असतो. गटाराच्या, सांडपाण्याच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो आणून सोडतो, आणि तेही एका चाव्याने नाही. वर्षानुवर्षं शेकडो डास चावतात तेव्हा कुठे अळ्या लसिकावाहिन्यांत घर करतात. तिथे त्यांचे दोऱ्यासारखे किडे होतात, सहा-आठ वर्षं जगतात आणि लाखो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडतात. माणसाला काही जाणवत नाही. तो शाळेत जातो, कबड्डी खेळतो, लग्न करतो. मग एक दिवस पायाला ताप-सूज येते, उतरते, पुन्हा येते आणि एकदा आली की उतरतच नाही. पुरुषांत अंडवृद्धी होते, ती वर्षानुवर्षं धोतराआड लपवली जाते.

हे ज्ञान जुनं आहे. रक्तातली ही पिल्लं कोलकात्यात टिमथी लुइस नावाच्या डॉक्टरने १८७२ मध्ये पाहिली. डास त्यांना वाहून नेतो हे पॅट्रिक मॅन्सनने चीनमध्ये १८७७ मध्ये शोधलं. डास रोग पसरवतो हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते याच आजारामुळे, मलेरियाची पाळी नंतरची. आपल्या देशाचा हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ चा. २००४ पासून गावातल्या सगळ्यांना एकदम गोळ्या द्यायची मोहीम देशभर सुरू झाली, कारण दोन-चार रुग्ण शोधून उपयोग नव्हता, जंतू निरोगी दिसणाऱ्यांच्या अंगातच हिंडत होता. डीईसीच्या गोळ्या वयाप्रमाणे: दोन ते पाच वर्षांना एक, सहा ते चौदाला दोन, पंधराच्या वर तीन. सोबत अल्बेंडाझोलची एक. २०१८ पासून काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषधही जोडलं गेलं. पहिल्या काही जिल्ह्यांत शेजारचं नागपूर होतं.

मोहिमेत खरी झुंज गोळी वाटायची नव्हती, गिळवायची होती. लोक गोळ्या घेत, कनवटीला खोचत आणि म्हणत, "रातच्याला खातो ना भाऊ." सकाळी त्याच गोळ्या उकिरड्यावर. म्हणून समोर गिळायच्या असा नियम आला. मग प्रश्न यायचा, "माहे पाय तर चांगले हायेत, मले कायले गोळी?" प्रश्न रास्त आहे. दुखत नसलेल्या माणसाने औषध का घ्यावं? मी सांगायचो की ही गोळी तुमच्या आजच्या पायासाठी नाहीच. गोळी घेतल्यावर कुणाला ताप आला, मळमळलं, डोकं दुखलं की गावभर बोंब व्हायची. बहुतेक वेळा तो ताप रक्तातले जंतू मरत असल्याचा असतो, म्हणजे ज्याला आला त्याला गोळीची गरज होती. हे पटवायला घसा कोरडा व्हायचा. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस सोडून सगळ्यांनी घ्यायची आणि उपाशीपोटी घ्यायची नाही, एवढं वाचकांनीही ध्यानात ठेवावं. वाढलेली अंडवृद्धी शस्त्रक्रियेने पूर्ण बरी होते. सुजलेला पाय पूर्ववत होत नाही, पण रोज साबणाने धुतला, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या, रात्री उशाने उंच ठेवला, चिखल्या होऊ दिल्या नाहीत, तर ताप-सुजेचे झटके कमी होतात. रोवणीच्या दिवसांत बेचक्या कोरड्या ठेवा असं सांगणं सोपं आहे, हे मलाही कळतं. निदान घरी आल्यावर तरी.

दुसरी गोष्ट खर्र्याची. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटतात, तो खर्रा. नववीतलं पोरगं पहिला खर्रा कुणाच्या तरी पुडीतून चिमूटभर घेतं. घरात वडील खातात, मामा खातो, रोवणीला बाया खातात, पाहुण्याला पाण्याआधी पुडी पुढे करतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा टपरीवर समोर घोटून मिळतो. लोक समजतात तंबाखू वाईट, सुपारी निरुपद्रवी. सुपारीच गालाच्या आतली कातडी ताठ करते. आधी तिखट झोंबायला लागतं. मग गाल आतून पांढुरका पडतो, तोंड उघडायला अडतं. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट अशी आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे ज्याने त्याने करून पाहावं. जात नसतील तर खर्रा त्याच दिवशी बंद आणि दातांच्या डॉक्टरकडे. ताठ झालेला गाल पहिल्यासारखा मऊ होत नाही. सोडलं तर पुढचं थांबतं, नाही सोडलं तर त्यातल्या काहींना कॅन्सर गाठतो. तोंड तपासणीच्या मोहिमेत पोरं हसायची. तीन बोटं अडकली की हसणं थांबायचं.

माझं मत विचाराल तर खर्रा सोडवण्यासाठी कॅन्सरचे फोटो फारसे कामाला येत नाहीत. सतरा वर्षांच्या पोराला पंचेचाळीस हे वय आपल्याला कधी येईल असं वाटतच नाही. त्याला वरातीत लाडू धड खाता येणार नाही, हे जास्त लागतं. बायको म्हणते मी पोरांना घाबरवण्याऐवजी लाजवतो. असेल.

सिकलसेल तर त्याहून मागून येतो, जन्माच्याही आधीपासून. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात पूर्वीपासून आहे आणि तो एका जातीचा नाही. आदिवासींत आहे, बौद्धांत आहे, तेली-कुणब्यांतही आहे. जंगलाच्या मुलखात तो टिकला याचं एक कारण असं की, आईकडून किंवा बापाकडून एकच दोष आलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, जीवघेणा मलेरिया कमी होतो. वाहक आयुष्यभर धडधाकट राहतो, त्याला कधी कळतही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं की मात्र प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता असते की बाळ रुग्ण निघेल. पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही, हे समजावायला सगळ्यात जड जातं.

ते बाळ पहिले काही महिने गुटगुटीत असतं, कारण पोटात असतानाचं हिमोग्लोबिन अजून त्याला सांभाळत असतं. सहा महिन्यांनंतर हाता-पायांचे पंजे सुजतात, बाळ रडरड रडतं, घरचे दृष्ट काढतात. पुढे मोठेपणी थंडी, ताप, दमणूक किंवा पाणी कमी पडणं यांतून हाडं फोडून काढणाऱ्या कळा येतात. म्हणजे आमच्याकडची सगळी शेती त्याच्या विरोधात: श्रावणात थंड पाण्यात वाकून रोवणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्त्यासाठी रखरखीत जंगल. अशा पोराने भरपूर पाणी प्यावं, थंडीत बोडीत पोहू नये, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये, डॉक्टरांनी दिलं असेल तर हायड्रॉक्सीयुरिया बंद करू नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्य. आता शाळेत, आश्रमशाळेत तपासणी होते ते बरं आहे, कारण सोयरीक ठरल्यावर सिकलसेल तपासणीचं कार्ड मागितलं की मुलीवर बोट ठेवलं जातं. दहावीच्या आत प्रत्येकाच्या हाती कार्ड असलं तर मागायला कुणाला संकोच नाही आणि दाखवायला कुणाला भीती नाही. मुलाकडच्यांचंही कार्ड मागा, असं माझी बायको दिवाळीनंतरच्या मंडईच्या गर्दीतही बायांना अडवून सांगते.

खाण्याचं सांगायचं तर भंडाऱ्याचं ताट भाताने भरलेलं. दोन्ही वेळा भात, वर वरण, चटणी. पोटाला भात पुरतो, हाडामांसाला पुरत नाही. पण बाजूला काय काय होतं ते पाहा: जवसाची चटणी, हिवाळ्यात पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, बोडीतली मासळी, तलावातले शिंगाडे आणि लाखोरी. धान कापायच्या आधीच उभ्या पिकात लाखोरी फेकायची, राहिलेल्या ओलीवर ती वाढते, नांगर लागत नाही. गरिबाचं प्रथिन तेच.

लाखोरीला बदनामी आहे आणि ती पूर्ण खोटी नाही. तिच्यातल्या ओडॅप नावाच्या द्रव्याने पाय लुळे पडतात. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन याने सागरच्या बाजूची हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ पासून लागोपाठ गहू बुडाला, लोकांनी तिवडा म्हणजे लाखोरीच खाल्ली आणि १८३३ पासून ऐन तरुण माणसं कमरेखाली अधू होऊ लागली. आपल्या राज्यात तिच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली, पुढे ती उठली. माझ्या लहानपणी बंदी होती आणि घरोघरी लाखोरीचे वडेही होते. दोष तिलाच पोट भरायचं मुख्य अन्न करून महिनोन् महिने खाण्यात आहे. डाळ भिजत घालून, उकळून, पाणी फेकून, भात-भाजीबरोबर अधूनमधून खाल्ली तर भीती नाही. रतन, प्रतीक असे कमी विषारी वाणही आता आहेत. हाडांची कमाई पंचविशी-तिशीपर्यंतच होते. त्यानंतर खर्चच असतो, बायांचा पाळी गेल्यावर जास्त. म्हणून पोरीच्या ताटातला मासा पोरापुढे सरकवायचा नाही. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना शाळेत लोहाची निळी गोळी आठवड्याला मिळते, ती खिडकीतून फेकायची नाही. एवढ्यावर हा विषय सोडतो.

बाळंतपणानंतरचे दिवस हा माझ्यापेक्षा बायकोचा विषय. आशाने बाळ-बाळंतिणीला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहायचं असतं. बाळाचं वजन, ताप, दूध ओढतं का हे पाहायचं. घरच्या भेटींनी नवजात बाळं वाचतात हे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आमच्याच पूर्व विदर्भात, गडचिरोलीत, दाखवून दिलं. त्यांचा तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. बायको म्हणते, बाळासाठी सगळं घर गोळा होतं, बाईकडे कुणाचं लक्ष नसतं. जुलैत बाळंत झालेली बाई ऑगस्टात बांधीत उतरते, कारण रोवणीची मजुरी वर्षात त्याच दिवसांत असते. ओटीपोटाचे स्नायू सैल असताना वाकणं, पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, ओझं उचलणं. त्याचा हिशेब पन्नाशीत निघतो. अंग बाहेर येतं, खोकलं की लघवी सुटते. बाया हे डॉक्टरला नाही सांगत, हिला सांगतात, तेही चुलीजवळ. यावर व्यायाम आहेत, रिंग आहे, शस्त्रक्रिया आहे. आणि बाळंतिणीला काही सुचेनासं होणं, विनाकारण रडू येणं, बाळाबद्दल नको ते विचार येणं, हा आजार आहे, नखरा नाही.

मनाच्या बाबतीतही वयांचा तोच मागचा हिशेब आहे. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे अठरा वर्षांच्या आत सुरू झालेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या गावात मात्र "मी उदास आहे" असं कुणी म्हणत नाही. "जीव लागत नाही," "डोकं भनभनते," "अंग जड वाटते" म्हणतात आणि वेदनेची गोळी मागतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म आशा भरते, त्यात कंबरेचा घेर, तंबाखू, दारू यांच्याबरोबर दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, खिन्न किंवा निराश वाटलं का. घाईत भरला तर इथे "नाही" लिहून पुढे जातात. बायको हे दोन प्रश्न शेवटी, सामान आवरता आवरता विचारते. धानाचे चुकारे अडकलेला कुणबी मग दाराच्या चौकटीला टेकून बोलू लागतो. झोप नाही, पिणं वाढलं, मरणाचे विचार येतात, असं कळलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवायचं आणि १४४१६ वर फोन लावून द्यायचा. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा दिवसरात्र फुकट मिळते. नंबर दिला आणि मोकळे झालो, असं करायचं नाही. लावून द्यायचा.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, रात्रभर दंडार, खडी गंमत रंगते. ते मनाला चांगलं, यात शंका नाही. पण मंडईने आजार बरे होतात असं कुणी लिहिलं तर मी मानणार नाही. मंडईत माणूस नजरेला पडतो, एवढा उपयोग नक्की. कोण आला नाही, कोण आला आणि कोपऱ्यात बसला, हे मला तिथे कळायचं.

म्हातारपणी काम सुटलं की माणूस खाटेला लागतो, असं इकडे म्हणतात. मला वाटतं बरेचदा क्रम उलटा असतो. आधी मांड्यांतलं बळ जातं, मग काम सुटतं. दात पडले की डाळ, मासळी जाते आणि भातच उरतो, तसं बळ अजून लवकर जातं. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठबस करता येते का पाहावं. येत असेल तर रोज करावी. अंगणातला शेवाळलेला दगड काढावा, न्हाणीत दिवा लावावा, मोतिबिंदू पिकायची वाट पाहू नये, ऐकू येत नसेल तर कान तपासावेत. ऐकू न येणारा म्हातारा आधी बोलणं सोडतो आणि घरचे समजतात तो रुसला.

आणि बीपी. तो दुखत नाही, हीच पंचाईत. माझा एक मित्र, माझ्याच वयाचा, चौकात खर्रा खाऊन मला ऐकवतो, "बरं वाटते, मंग गोळी कायले?" हत्तीपायाच्या मोहिमेत जे ऐकलं तेच शब्द. त्याने तीन महिने गोळी सोडली होती. परवा आरोग्य केंद्रात मी त्याला सोबत घेऊन गेलो, पट्टा बांधला, वरचा आकडा १८० च्या पुढे निघाला. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, मीठ आणि लोणचं कमी करायला सांगितलं आणि तोंडही उघडून पाहिलं. दोन बोटं गेली, तिसरं अडलं. पुढच्या आठवड्यात त्याला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे, गाडी माझ्या मुलाची ठरली आहे.